साहेबांचा फेटा, कोमलची मुलाखत

विद्यापीठात पहिली आलेली मुलगी असो, पेटंट मिळवलेले प्राध्यापक असोत, नाहीतर आमच्याच कॉलेजातून शिकून मोठ्या हुद्द्यावर गेलेला कोणी असो, माझ्यासाठी ते सगळे आधी एक डोकं असतात. चपटं, लांबट, मागून फुगलेलं, किंवा इतकं तेल चोपडलेलं की कापड घसरून कानावर यावं. मी फेटे बांधते. आता गुडघे कुरकुरायला लागले म्हणून लग्नांच्या ऑर्डरी सुनेकडे सोपवल्यात आणि मी दुकानात गल्ल्यावर बसते. पण चांगलं डोकं समोर आलं की हात अजून शिवशिवतात.

संपादकांचा फोन आला, दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाबद्दल लिहा म्हणून. मी म्हटलं, "अहो, मी कायले लिहू? मले बांधता येते, लिहिता नाई येत." ते म्हणाले, जसं बांधता तसंच लिहा. म्हणजे लांबलचक कापड घ्यायचं आणि मुद्द्याभोवती फिरवत राहायचं. तेवढं मला जमण्यासारखं आहे.

मी शिकले ती घागरीवर. दिराच्या लग्नात जालन्याहून येणारा फेटेवाला आलाच नाही. वरात खोळंबली, सासरे लालबुंद झाले, नवरदेव बोडक्या डोक्यानं घोड्यापाशी उभा. आमचं कापडाचं दुकान, त्यामुळे कापड होतं, बांधणारा नव्हता. मी म्हटलं, पाहते. एका खोलीत घागर पालथी घातली, दोनदा तिच्यावर बांधून पाहिला आणि तिसऱ्यांदा दिराच्या डोक्यावर. त्या फेट्याचा फोटो आजही घरात आहे आणि तो मी पाहुण्यांना दाखवत नाही. पण वरात निघाली. सासऱ्यांनी नंतर स्वतःच मला फेट्यांचं कापड आणून दिलं आणि "शोभा, हे शिकून घे नीट," म्हणाले. आमच्याकडच्या सासऱ्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे सत्कारच.

बाहेरच्या माणसाला फेटा बांधणं सोपं वाटतं. कापडाला पीळ द्यायचा, एक टोक दातात धरायचं, कपाळावरून तिरपा वेढा घ्यायचा, मागून आडवा, असे वेढे एकमेकांवर चढवत न्यायचे. शेवटी वर उभा राहतो तो तुरा, पाठीवर सुटतो तो शेमला. मी टोक दातात धरत नाही, कमरेला खोचते. माझ्या दातातलं कापड प्राचार्यांच्या कपाळावर कशाला? लग्नातल्या फेट्याला वेळ मिळतो. सत्काराच्या फेट्याला मिळत नाही. माणसं ओळीनं बसलेली असतात, बाहेर माईकवर "हॅलो, हॅलो, माईक चेक" सुरू झालेलं असतं, आणि जो येतो तो "ताई, आमचं आधी" म्हणत खुर्ची ओढतो.

बांधून घेणाऱ्यानं फक्त एक करायचं, मान हलवायची नाही. मोठ्या माणसांना नेमकं तेच जमत नाही. विद्यापीठाकडून आलेले एक पाहुणे होते. फार गोड माणूस, समोरचा काहीही बोलला की हो हो करून मान डोलवायचे. तीनदा बांधला, तीनदा सैल झाला. शेवटी मी म्हटलं, "सर, पाच मिनिटं कोणालेच हो म्हणू नका." खोलीतल्या लोकांनी तोंडं फिरवली, कारण सगळे त्यांच्याकडून कशाला ना कशाला हो म्हणवून घ्यायला आलेले होते.

दुसरे एक प्राध्यापक. त्यांच्या कपाळावर पहिला वेढा घेतला आणि माझ्या बोटाला केसांची कड लागली. टोप होता. समोर आरसा होता. त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं, मी आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. मी फेटा थोडा वर, थोडा घट्ट घेतला आणि कार्यक्रम संपल्यावर स्वतः मागच्या खोलीत जाऊन हळूच उतरवला, नाहीतर दोन्ही सोबत निघून आले असते आणि विद्यार्थ्यांना वर्षभर पुरलं असतं. तेव्हापासून कॉलेजात कुठलाही सत्कार ठरला की ते आधी विचारायचे, "शोभाताई येणार आहेत ना?" लोकांना वाटायचं, सरांना परंपरेची आवड आहे.

माझ्या उमेदीच्या काळात ओळीत सगळे पुरुषच असायचे. आता विद्यापीठाची पदकं पोरीच घेऊन येतात, आणि मला वेण्यांचा विचार करावा लागतो. वेणी आत गुंडाळावी की मागे सोडावी, अंबाडा असेल तर वेढा कुठून काढावा, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. घागरीला वेणी नसते. पण पोरींची डोकी बांधायला मला जास्त आवडतात. त्या आरशात पाहून हसतात. पुरुष आरशात पाहून गंभीर होतात, जसं काही आत्ताच गडावर निघालेत.

एका गोष्टीची मात्र हुरहूर आहे. इतकी वर्षं इतक्या हुशार डोक्यांना हात लावला, पण आत काय आहे ते कधी विचारलं नाही. "कशाबद्दल सत्कार?" हा प्रश्न माझ्या कामात येतच नव्हता. कोणी पहिला आला, कोणी पीएचडी झाला, मला रंग कोणता आणि किती जणांना एवढंच माहीत असायचं. ते मी पहिल्यांदा ऐकलं कोमलच्या वेळी, आणि तेही अर्धंच.

कॉलेजनं त्या वर्षी मोठा कार्यक्रम ठेवला होता. विद्यापीठात नाव काढलेल्या तिघांचा सत्कार. एक खरात सर, सूक्ष्मजीवशास्त्राचे. लोणारच्या सरोवराच्या खाऱ्या पाण्यातल्या जिवाणूंवर त्यांचं काम, त्याचं पेटंट मिळालेलं. दुसरा विठ्ठल, अमडापूरचा, कॉलेजचा माजी विद्यार्थी. एके काळी विद्यापीठाच्या कबड्डी संघाचा कप्तान, आता राज्याच्या मुलींच्या संघाला शिकवतो. मान अशी की डोकं कुठं संपतं ते शोधावं लागतं. आणि तिसरी कोमल, एम.एस्सी.ला विद्यापीठात पहिली. ती पिंपळगाव राजाची. तेच माझं माहेर. म्हणून मी तिची आत्या. नात्यानं नाही, गावानं. आमच्याकडे तेही पक्कंच धरतात.

फेटे बांधायला आम्हाला व्यासपीठाला लागून असलेली खेळाच्या सामानाची खोली दिली होती. एका कोपऱ्यात कबड्डीच्या मॅट, एका कोपऱ्यात क्रिकेटची किट, मधे माझी खुर्ची आणि आरसा. कार्यक्रम सकाळचा. प्रमुख पाहुणे मोठे पुढारी, त्यांना सगळे साहेब म्हणत होते. मीही साहेबच म्हणते. साहेब निघालेत, साहेब रस्त्यात आहेत, साहेबांनी वाटेत एका ठिकाणी दोन मिनिटं भेट दिली आहे, अशा बातम्या येत राहिल्या आणि ऊन डोक्यावरून कलायला लागलं. पोरांची लेझीम तीन वेळा बसवून झाली. पोरांची भूक वाढली तसा ताशाचा आवाज वाढला.

मी वेळ जावा म्हणून कोमलला खुर्चीवर बसवलं. भगवा रंग, किनार जरीची. वेणी आत घेतली, पिना लावल्या. छान बसला. पण हातांना काहीतरी वेगळं लागत होतं. डोकं थरथरत होतं. थंडी नव्हती, ताप नव्हता.

"काय झालं व पोरी?"

"काई नाई आत्या."

"डोकं माह्या हातात हाय. मले सांगते का काई नाई?"

मग तिनं सांगितलं. दुपारी दोन वाजता तिची मुलाखत होती. हैदराबादच्या एका मोठ्या संशोधन संस्थेत पीएचडीसाठी. ऑनलाइन, मोबाइलवर. कार्यक्रम बारापर्यंत आटोपेल, मग मामाच्या घरी जाऊन दार लावून निवांत बसू, असा तिचा हिशेब होता. जरा वेळापूर्वी ती प्राचार्यांकडे जाऊन आली होती. ते म्हणाले, साहेब कुठल्याही क्षणी पोचतील, सत्कारमूर्तींनी आवार सोडायचं नाही. मुलाखतीचं सांगायला तिनं तोंड उघडलं तोवर त्यांचा फोन वाजला.

"अन् घरी माहीत हाय?"

"बाबा म्हनले, यातून झालं तर हैदराबादले जाय. नाई झालं तर बी.एड. कर. पुन्हा पुन्हा परीक्षा नाई." तिनं मोबाइल माझ्यासमोर धरला. "दोनले दहा मिनिटं कमी हायेत, आत्या."

तिच्या घरच्यांना मी ओळखते. वाईट नाहीत. शब्दाचे पक्के आहेत, आणि तीच अडचण होती. मला तर वाटलं, जसं काही माझीच परीक्षा.

मी खोलीचं दार लोटलं आणि म्हटलं, "इथंच दे मुलाखत."

"इथं? लेझीम चालू हाय. रेंज नाई. अन् हे?" तिनं डोक्याकडे बोट दाखवलं. "हे काढा आत्या, आधी हे काढा."

मी पिना शोधायला लागले. पिना मीच लावलेल्या, आणि मी पिना कच्च्या लावत नाही. वेणी आत गुंतलेली. एक पीन निघेना. तेवढ्यात खरात सर फेटा बांधून घ्यायला आत आले. त्यांना सांगितलं तर ते बाहेर जायच्या ऐवजी दार लावून घेत म्हणाले, "अगं, मला का नाही सांगितलंस आधी?" हुशार लोक वेळ नसताना हा प्रश्न हमखास विचारतात. पण सर लगेच कामाला लागले. त्यांच्या मोबाइलला खिडकीत रेंज येत होती. ते स्टुलावर चढले आणि गजांतून हात बाहेर काढून मोबाइल उंच धरला. "आली, आली. माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवरून जोड."

मग मला वाटलं, हे स्टुलावर उभे आहेतच आणि मान हलवायची त्यांना सोय नाही, तर यांचा फेटा तरी उरकून घेऊ. मी मॅटच्या थप्पीवर चढले आणि अर्धा बांधून झाला.

विठ्ठल दारात डोकावला. मी म्हटलं, "बाबू, लेझीम थांबव, अन् या दारातून कोनाले आत सोडू नको." त्यानं कारण विचारलं नाही. लेझीम थांबली. ताशा थांबला नाही, ताशावाल्याला थांबवणं कोणाच्याच हातात नसतं. पण विठ्ठल दाराबाहेर पाय फाकवून, हात पसरून उभा राहिला.

कोमलनं मोबाइल फेट्यांच्या गठ्ठ्यावर टेकवून ठेवला. मी शेवटची पीन ओढत होते आणि स्क्रीनवर माणसं आली. चार जण. मी खाली बसले. फेटा तिच्या डोक्यावरच राहिला, तुऱ्यासकट.

एका वयस्क माणसाचा आवाज आला, हिंदीत. "बेटा, ये सर पे क्या है? शादी है क्या?"

मागून कोणीतरी हसलं. कोमल लालेलाल. ती इंग्रजीतून स्वतःची ओळख पाठ करून आली होती, ती तिथंच अडकली. "माय नेम इज" झालं आणि पुढे नावच आठवेना. मी जमिनीवर बसून सगळ्या देवांना हात जोडत होते. मला वाटलं, गेलं. माझ्या पिनांनी पोरीचं वाटोळं केलं.

"नहीं सर," ती कशीबशी म्हणाली. "सत्कार है."

"अच्छा? किसका?"

"मेरा, सर."

आता तिकडे सगळेच हसले. पण वाईट नव्हतं ते हसणं. तो म्हातारा माणूस खुर्चीत पुढे सरकून म्हणाला, "अरे वा. किस लिए?"

आमच्या गावच्या पोरींना स्वतःचं चांगलं सांगायचं म्हणजे चोरी कबूल केल्यासारखं वाटतं. कोमल 'पहिली आले' एवढं म्हणाली आणि थांबली. तेव्हा खिडकीतून खरात सर, गजातून हात काढलेले, अर्ध्या फेट्याचं लांबलचक कापड खाली लोंबत असलेले, दबक्या आवाजात म्हणाले, "कोमल, हरभऱ्याचं सांग. जसं मला सांगतेस तसं सांग."

आणि ती सुरू झाली. हिंदी, इंग्रजी, मधेच आमचं वऱ्हाडी. मला जे कळलं ते सांगते. लोणारचं पाणी इतकं खारट की त्यात मासा जगत नाही, पण काही बारके जीव मजेत राहतात. आणि आमच्या जिल्ह्यात पूर्णेच्या काठानं खारपाण पट्टा आहे, तिथली जमीन खारी, विहिरीचं पाणी खारं, हरभरा उगवून पिवळा पडतो. कोमलच्या डोक्यात आलं, की खाऱ्यात मजेत राहणाऱ्या त्या जिवांना हरभऱ्याच्या मुळाशी नेऊन बसवलं तर? चहाच्या प्लास्टिकच्या ग्लासांत तिनं बी लावलं. निम्म्या ग्लासांत नुसती खारी माती, निम्म्यांत मातीसोबत ते जीव. मामाच्या गच्चीवर ठेवले. मामीनं एकदा कचरा समजून निम्मे फेकले. तिनं पुन्हा लावले. आणि जीव घातलेल्या ग्लासांतला हरभरा हिरवा राहिला.

"मामीने फेंक दिये?" तो म्हातारा माणूस विचारत होता.

"हाँ सर. फिर मामी को भी समझाया. अब मामीच पानी डालती है."

मी तोंडात पदर कोंबला. इतकी वर्षं मी डोक्यांवर कापड बांधत होते आणि एका डोक्याच्या आत हरभरा उगवून राह्यला होता. मला इतका आनंद झाला की कारण सांगता येणार नाही. हसूही येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही.

तेवढ्यात फटाक्यांची माळ लागली. साहेब आले होते.

ताशा, लेझीम, घोषणा, सगळं एकदम. कोमल बोलायची थांबली. दारावर थापा पडल्या. साहेबांचा माणूस ओरडत होता, "दार उघडा. साहेबांना फेटा बांधायचा आहे." मग विठ्ठलचा आवाज, "आत काम चालू हाय भाऊ." मग प्राचार्यांचा, "विठ्ठल, बाजूला हो." मग पुन्हा विठ्ठलचा, "सर, तुमाले मी कधी नाई म्हनलं नाई. आज म्हनतो."

त्याला धक्का लागण्याआधी मी उठले. सगळ्यात चांगलं कापड काढलं. सरांच्या फेट्याचं उरलेलं टोक माझ्या कमरेला होतं, ते त्यांच्या हाती द्यायला गेले तर त्यांचे दोन्ही हात अडकलेले, एकानं गज धरलेला आणि एक गजाबाहेर. मी म्हटलं, "सर, तोंड उघडा." त्यांनी ते टोक दातात धरलं. मग मी दार फटीएवढं उघडून बाहेर आले आणि माझ्यामागे दार लावलं.

"आत पसारा हाय साहेब," मी म्हटलं. "इथं व्हरांड्यात हवा हाय. या, बसा."

प्राचार्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दुकानच काय, गावही सोडून जावं. कॉलेजचे वर्षाचे सगळे कार्यक्रम माझ्याकडे होते. ते गेले तर मोठा फटका होता, हे मला त्या क्षणी नीट कळत होतं. पण साहेब खुर्चीत बसले, आणि एकदा माणूस माझ्या खुर्चीत बसला की उठणं माझ्या हातात असतं.

मी बांधायला घेतला. सावकाश. कापडाला पीळ देताना एकेक बोट नीट पाहिलं. पहिला वेढा घेतला, मागे जाऊन पाहिलं, सोडला. "साहेब, कपाळ मोठं हाय तुमचं. भाग्याचं लक्षण. पण वेढा तिथंच बसला पाह्यजे." दुसऱ्यांदा घेतला, तुऱ्यापर्यंत नेला, मान वाकडी करून बघितलं, पुन्हा सोडला. "तुरा डावीकडं झुकून राह्यला. फोटोत बरा नाई दिसत." फोटो म्हटलं की कुठलाच पुढारी घाई करत नाही. साहेबांचा माणूस घड्याळ बघत होता. प्राचार्य एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. ताशा चालूच होता आणि माझा जीव दाराच्या पलीकडे.

आणि मग माझ्या हातांना कळलं की डोकं जड झालं आहे. मान सैल झाली. मी पुढे वाकून पाहिलं. साहेब झोपले होते.

पहाटेपासून फिरत असतील बिचारे. प्रत्येक गावात हार, भाषण, चहा. डोक्यावरून मऊ कापड फिरतंय, कोणी काही मागत नाही, वारा सुटलाय. लागला डोळा. मी त्यांच्या माणसाकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं. तो चवड्यांवर चालत मागे फिरला आणि व्हरांड्याच्या कडेला जाऊन दोन्ही हात हलवायला लागला. घोषणा थांबल्या. लेझीम थांबली. आणि ज्या ताशाला विठ्ठल थांबवू शकला नव्हता, तो ताशाही थांबला. साहेब झोपलेत म्हटल्यावर अख्खं कॉलेज असं गप्प झालं की मंडपातली कोणाच्या तरी लेकराची उचकी ऐकू आली.

त्या शांततेत दाराच्या आतून कोमलचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. पण अडखळत नव्हता. चालला होता सरळ, जसा उताराला लागलेला बैल. मी साहेबांचं डोकं दोन्ही हातांनी तोलून उभी होते. बांधायची सोय नव्हती, सोडायची सोय नव्हती. माझे खांदे भरून आले. प्राचार्य दबक्या आवाजात म्हणाले, "शोभाताई, किती वेळ?" मी म्हटलं, "त्याईले जाग येईस्तोवर, सर. मी उठवू का?" ते दोन पावलं मागे सरकले.

किती वेळ गेला ते मला माहीत नाही. दार उघडलं आणि कोमल बाहेर आली. फेटा तसाच, एक केस हललेला नाही. माझी बांधणी आहे ती. तिच्या चेहऱ्यावरून मला काहीच कळेना. ती फक्त म्हणाली, "झालं, आत्या." तिच्यामागे खरात सर, दातात फेट्याचं टोक तसंच. स्टुलावरून उतरल्यावर ते सोडायचं त्यांना सुचलं नव्हतं.

साहेब दचकून जागे झाले. "झाला का?"

"झाला साहेब," मी म्हटलं आणि भराभर बांधून टाकला. नेहमी लागतो तेवढ्याच वेळात. प्राचार्यांनी ते पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खोलीच्या दाराकडे, मग कोमलकडे. ते हुशार गृहस्थ होते.

कार्यक्रम फर्मास झाला. झोप झाल्यामुळे साहेब इतके ताजेतवाने होते की त्यांनी लहान भाषण केलं आणि तिघांचंही कौतुक मनापासून केलं. विठ्ठलला मिठी मारली, साहेबांना दारातला प्रकार माहीतच नव्हता. सरांचा फेटा पुरा केला, दातात धरलेलं त्याचं टोक ओलं झालं होतं, ते मी शेमल्याखाली लपवलं. लेझीम चौथ्यांदा झाली, आणि या वेळी पोरं जेवून आली होती, त्यामुळे ठेक्यात झाली. कोमल हसत होती, पण अधूनमधून तिचा हात मोबाइलकडे जात होता.

निघताना प्राचार्यांनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही मुद्दाम उशीर केलात."

"हो सर."

"मला सांगता नसतं आलं?"

"तिनं सांगायले तोंड उघडलं होतं, सर. तुमचा फोन वाजला."

त्यांनी हातातला फोन खिशात टाकला. मग म्हणाले, "पुढच्या वर्षी पाहू."

पुढच्या वर्षी कॉलेजनं रेडिमेड फेटे मागवले. खोक्यातून काढायचे आणि टोपीसारखे घालायचे. सगळे एकाच मापाचे. ज्यांच्याबद्दल आधी सांगितलं त्या टोपवाल्या सरांनी त्या दिवशी रजा काढली, असं ऐकलं. विठ्ठलच्या संघातल्या एका बारक्या पोरीचा फेटा सत्कार घेताना नाकावर आला आणि तिला कोणी हार घातला तेच दिसलं नाही. मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटलं. पण कॉलेजचं ते काम गेलं ते गेलंच, आणि त्या व्हरांड्यातून जाताना आजही जीव जरा खालीवर होतो. आता सून म्हणते, आपणही रेडिमेड ठेवू. ठेवू म्हटलं. गल्ल्यावर बसणाऱ्यानं जास्त बोलू नये.

कोमलचा निकाल यायला बरेच दिवस लागले. रोज तिच्या आईला फोन करून विचारायची मला लाज वाटायला लागली होती. मग एका सकाळी तिचा भाऊच मोटरसायकलवर पेढे घेऊन आला. मी त्याच्या हातातून पेढे घेतले आणि दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकाच्या तोंडात कोंबले. तो माणूस उपरणं घ्यायला आला होता. त्याचा उपवास होता, असं त्यानं नंतर सांगितलं.

तिच्या बाबांनी शब्द पाळला. स्वतः जाऊन तिला हैदराबादला सोडून आले.

तिथून तिचा फोन आला तो पहिल्याच दिवशी. आवाजात असं काही होतं की मी घाबरले.

"काय झालं व? जेवली ना?"

"जेवली, आत्या. ऐका ना. आज आमाले सगळ्याईले एका हॉलमंदी बसवलं होतं. देशातून कुठून कुठून आले लोक. सगळे फाड फाड इंग्रजी बोलून राह्यले. मी मांगं बसली गुपचूप. मले वाटे, इथं आपल्याले कोन वयखते?"

"मंग?"

"मंग ते म्हातारे सर आले, मुलाखतीतले. हॉलमंदी उभे राह्यले अन् सगळ्याईसमोर मोठ्यानं इचारलं, 'वो फेटेवाली लडकी कौन है?'"

"बाप्पा. मंग तू काय केलं?"

"काय करन? हात वर केला."

दुकानात त्या वेळी कोणी नव्हतं, सून जेवायला गेली होती. मी फोन कानाला धरून गल्ल्यावर बसले होते, आणि पाहते तर माझाही दुसरा हात वर गेलेला.